निमकीचा तास : सातारा-सांगलीकडील गणिताध्यापनाची हकीकत

१८९० च्या अखेरीस लोकमान्य टिळकांनी डेक्कन एज्युकेशन सोसायटीच्या आजीव सदस्यत्वाचा राजीनामा दिला, तेव्हा त्या घटनेची जी चर्चा पुण्यात झाली आणि पुढे चरित्रकारांनी पिढ्यान्‌पिढ्या चालू ठेवली ती तत्त्वांची, स्वभावांची आणि बाहेरील मिळकतीच्या वादाची होती. परंतु महाविद्यालयाच्या वेळापत्रकापुरते बोलावयाचे तर त्या राजीनाम्याचा अर्थ एवढाच होता की फर्ग्युसनमधील गणिताचा तास रिकामा पडला, आणि तो चालविण्यास जे उभे राहिले ते इंग्रजीचे अध्यापक होते. गोपाळ कृष्ण गोखले यांचे वय तेव्हा अवघे चोवीस वर्षांचे. पुढल्या वर्षी, १८९१ च्या नोव्हेंबरात, एल्फिन्स्टनमधील आपले सहाध्यायी धोंडो केशव कर्वे यांना त्यांनी मुंबईहून बोलावून घेतले, गणित त्यांच्या स्वाधीन केले आणि आपण इतिहास व अर्थशास्त्र यांकडे वळले. पडेल तो विषय शिकविणारा अध्यापक म्हणून गोखल्यांची जी थट्टा होत असे तीत थोडी असूया आणि पुष्कळसे कौतुक असावे. याच गोखल्यांनी आपले सहकारी बापट यांच्या साह्याने अंकगणिताचे जे पाठ्यपुस्तक सिद्ध केले ते देशभर चालले. आणि २६ मार्च १९०२ रोजी वरिष्ठ कायदेमंडळात सरकारी अंदाजपत्रकातील शिलकेवर त्यांनी जे भाषण केले, त्यात गणिताच्या फळ्यापुढे उभ्या राहिलेल्या माणसाचा हात ओळखू येतो, असे प्रस्तुत लेखकास नेहमी वाटत आले आहे.

साताऱ्या-सांगलीकडील शाखांचा वृत्तान्त सांगावयास बसलो असता पुण्याच्या गोष्टीने आरंभ करावा, यास कारण आहे. संस्थेच्या या दोन ठिकाणच्या शाखांना वारसा मिळाला तो इमारतींचा किंवा देणग्यांचा नव्हे (त्या मागाहून आल्या), तर या रिवाजाचा की गणिताचा तास हा एकट्या गणित शिकविणाऱ्याचा नसून सगळ्या अध्यापकवर्गाच्या जबाबदारीचा आहे. हा रिवाज कोणी ठराव करून घातला नव्हता. आजीव सदस्य मोजके, वेतन दरमहा ७५ रुपये, सेवेची मुदत वीस वर्षे, आणि शिकवावयाचे विषय मात्र विद्यापीठाने नेमलेले सगळेच. अशा स्थितीत संस्कृत जाणणाऱ्याने गणित शिकवावे आणि गणित जाणणाऱ्याने इंग्रजी वाचून दाखवावे, हे दारिद्र्याने लादलेले होते. स्वतः टिळक गणिताप्रमाणे संस्कृतही शिकवीत, आणि त्यांचा ‘ओरायन’ हा १८९३ सालचा ग्रंथ म्हणजे वेदवाङ्मय आणि ज्योतिर्गणित ही दोन दालने एकाच किल्लीने उघडण्याचा प्रयत्न होता, हे सर्वांस ठाऊक आहे. गरजेतून पडलेल्या सवयीचा पुढे गुण होतो, याचे हे एक उदाहरण. आणि गरज सरल्यावर तो गुणही कसा आटतो, याचे उदाहरण पुढे यावयाचे आहे.

साताऱ्याचा संबंध संस्थेशी १८९९ पासूनचा, म्हणजे तेथे न्यू इंग्लिश स्कूल सुरू झाले तेव्हापासूनचा, असे दफ्तर म्हणते. योगायोग असा की त्याच वर्षी संस्थेचे विद्यार्थी रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे केंब्रिजच्या गणिताच्या परीक्षेत सीनियर रँग्लर झाले आणि सगळ्या महाराष्ट्रात गणित या विषयाला एकाएकी राजवैभव प्राप्त झाले. परंतु संबंधाचा खरा धागा त्याहून जुना आहे. संस्थेच्या संस्थापकांपैकी गोपाळ गणेश आगरकर हे कऱ्हाडजवळच्या टेंभूचे, म्हणजे सातारा जिल्ह्याचेच. आगरकर इतिहास व तर्कशास्त्र शिकवीत. गणिताशी त्यांचे नाव कोणी जोडीत नाही. तरीही १८८८ साली त्यांनी लिहिलेले ‘वाक्यमीमांसा आणि वाक्यांचे पृथक्करण’ हे पुस्तक, गणित शिकविणाऱ्याने उशाशी ठेवावे अशा पुस्तकांत मी घालतो. कर्ता कोणता, कर्म कोणते, कोणते पद कोणाचे विशेषण, कोणते वाक्य प्रधान आणि कोणते गौण, हे ज्यास उकलता येत नाही त्यास समीकरण मांडता येत नाही. आणि आपल्याकडील विद्यार्थी गणितात नापास होतो तो बहुधा समीकरण सोडविताना नव्हे, मांडताना.

उदाहरण अगदी साधे घेतो. हळदीचा भाव शेकडा २० ने चढला आणि मग शेकडा २० ने उतरला, तर भाव मूळपदावर आला काय, असे पहिल्या वर्षाच्या वर्गास विचारावे. निम्मा वर्ग ‘आला’ म्हणतो. वस्तुतः १०० चे १२० होतात आणि १२० चे शेकडा २० वजा जाता ९६ उरतात. चूक गुणाकारात नाही. ती वाक्यातील गाळलेल्या षष्ठीत आहे. ‘शेकडा २०’ म्हणजे कशाचे शेकडा २०? प्रश्नात ‘चे’ हा प्रत्यय लिहिलेला नसतो, तो वाचणाऱ्याने मनात घालावयाचा असतो, आणि पहिल्या वेळी तो शंभराशी लागतो तर दुसऱ्या वेळी एकशेवीसाशी. ही गोष्ट मला चाळीस वर्षांपूर्वी मराठीच्या एका सहाध्यापकाने, मी सहज तक्रार केली असता, चहाचा कप खाली न ठेवता सांगितली. तोवर मी दरवर्षी तेच उदाहरण फळ्यावर अधिकाधिक मोठ्या अक्षरांत सोडवीत आलो होतो.

साताऱ्याने गणितास दिलेला माणूस म्हणजे गणेश सखाराम महाजनी. साताऱ्यात जन्मलेले, केंब्रिजहून रँग्लर होऊन आलेले आणि पुढे फर्ग्युसनचे प्राचार्य झालेले महाजनी, नंतर राजपुताना, दिल्ली, पुणे अशा विद्यापीठांचे कुलगुरू झाले. त्यांच्याच फर्ग्युसनमधील कारकीर्दीत, १९३३ पासून १९४५ पर्यंत, दामोदर धर्मानंद कोसंबी हे तेथे गणित शिकवीत होते, आणि शिकविता शिकविता प्राचीन नाणी तराजूत घालून त्यांच्या झिजेचे संख्याशास्त्र मांडीत होते, भर्तृहरीच्या हस्तलिखितांचे पाठभेद जुळवीत होते. एकाच गणितज्ञाच्या टेबलावर नाणी, पोथ्या आणि सांख्यिकीची कोष्टके शेजारी शेजारी पडलेली असत, हे आजच्या विभागवार पाट्यांच्या काळात सांगितले तर नवख्या अध्यापकास खरे वाटत नाही.

सांगलीचे महाविद्यालय निघाले ते १९१९ साली. मुंबई इलाख्याचे गव्हर्नर लॉर्ड विलिंग्डन यांचे नाव त्यास मिळाले, आणि जागा मिळाली ती सांगली व मिरज यांच्या मधोमध, विश्रामबागेच्या मोकळ्या माळावर. त्याच १९१९ साली, ऑक्टोबरात, कऱ्हाडजवळच्या काले गावी भाऊराव पाटलांनी रयत शिक्षण संस्था स्थापन केली. एकाच कृष्णाकाठी, एकाच वर्षी, दोन निराळ्या वाटांनी शिक्षण या भागात उतरले, ही गोष्ट दोन्ही संस्थांच्या स्मरणिकांत एकमेकींचे नाव न घेता लिहिली जाते, म्हणून येथे मुद्दाम नोंदवितो. आणखी एक नोंद : १९२० साली सांगलीस ज्योतिषसंमेलन भरले आणि त्यात टिळकांच्या पुढाकाराने पंचांगशुद्धीचा विचार झाला. पंचांग हा विषयच असा की तेथे शास्त्री आणि गणिती या दोघांसही एका जाजमावर बसणे प्राप्त होते. महाविद्यालय तेव्हा वर्षाचेही झालेले नव्हते. पण गावाच्या हवेत कोणती चर्चा होती हे त्यावरून कळते.

आरंभीच्या काळात प्राचार्य गो. चि. भाटे यांच्यासारखा तत्त्वज्ञानाचा अभ्यासक आणि प्रवासवर्णनकार प्रमुख असल्यावर विषयांच्या भिंती फार उंच जाण्याचा संभव नव्हता. पुढे वि. कृ. गोकाक येथे प्राचार्य झाले, रं. श्री. मुगळी यांनी येथे कन्नड शिकविले. बेळगाव-विजापूरकडची मुले येथे येत. एका बाकावर मराठी मुलगा, शेजारी कन्नड मुलगा, पुस्तक इंग्रजी आणि अध्यापकाच्या तोंडी तिन्हींची सरमिसळ, असा गणिताचा तास या भागातील जुन्या माणसांनी पाहिलेला आहे. भाषा तीन असल्यामुळे प्रश्न वाचण्यासच वेळ जाई, आणि वाचण्यास वेळ गेल्यामुळे तो समजे, असे एक वयोवृद्ध विद्यार्थी सांगत असत. त्यांच्या बोलण्यातील अतिशयोक्ती वजा केली तरी शिल्लक पुष्कळ राहते.

मग विद्यापीठे बदलली. मुंबईकडून १९४९ साली पुण्याकडे, पुण्याकडून १९६२ साली कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाकडे, असे आपले महाविद्यालय एका दफ्तरातून दुसऱ्या दफ्तरात वर्ग होत गेले. जिल्ह्याचेही तेच : १९४९ साली जो दक्षिण सातारा म्हणून निराळा काढला त्याचे १९६० साली सांगली झाले. या स्थित्यंतरांचा गणिताशी संबंध नाही, असे वरवर वाटते. १ एप्रिल १९५७ रोजी जे घडले त्याचा मात्र निश्चित आहे. त्या दिवशी आणे-पै जाऊन नवे पैसे आले, पाठोपाठ शेर-मण जाऊन किलोग्रॅम आले, आणि पावकी, निमकी, पाउणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी ही जी अपूर्णांकांची पाढ्यांची माळ संध्याकाळच्या परवच्यात घराघरांतून ऐकू येई ती दहा-पंधरा वर्षांत थांबली. दशमान पद्धतीने व्यवहार सोपा झाला यात शंका नाही. पण औटकी म्हणणाऱ्या मुलास साडेतीन ही संख्या डोळ्यांपुढे दिसत असे. दशांशचिन्ह लिहिणाऱ्यास ती केवळ लिहिता येते. हा माझा म्हाताऱ्याचा हट्ट समजावा, पण परवचा घेणारी आजी ही देखील गणिताची अध्यापिकाच होती आणि तिची नेमणूक कोणत्याच हजेरीपटावर नव्हती.

खरी भिंत उभी राहिली ती १९७५ नंतर. दहा अधिक दोन अधिक तीन हा आकृतिबंध आला, दहावीची पहिली परीक्षा त्या वर्षी झाली, कनिष्ठ महाविद्यालये निघाली, आणि अकरावी-बारावीचा अध्यापक एका खोलीत व पदवीचा दुसऱ्या खोलीत बसू लागला. शाखा वेगळ्या, विभाग वेगळे, विभागप्रमुखाची पाटी वेगळी, कार्यभाराचे तक्ते वेगळे. विज्ञानशाखेतील गणित, वाणिज्यशाखेतील गणित आणि कलाशाखेतील संख्याशास्त्र ही एकाच आईची तीन मुले तीन गावी दत्तक दिल्यासारखी झाली. वेतन सुधारले, पात्रतेचे नियम कडक झाले, पदव्युत्तर ज्ञान वाढले; हे सर्व इष्टच झाले. पण ज्या गरजेमुळे इंग्रजीचा गोखले गणिताच्या फळ्यापुढे उभा राहत असे ती गरज गेली आणि तिच्याबरोबर ते उभे राहणेही गेले.

आता या भागाचा भूगोल पाहावा. १९४७ साली धोंडूमामा साठे यांच्या खटपटीने सांगलीस अभियांत्रिकी महाविद्यालय निघाले, तेच १९५५ पासून वालचंद महाविद्यालय. त्याच १९४७ साली साताऱ्यास रयतेचे छत्रपती शिवाजी महाविद्यालय सुरू झाले, जेथे ‘कमवा व शिका’ योजनेतील विद्यार्थ्यास ३३ फूट गुणिले ३३ फूट म्हणजे १०८९ चौरस फुटांचा एक गुंठा आणि ४० गुंठ्यांचा एकर हे कोष्टक पुस्तकाआधी कुदळीने कळत असे. १९६० साली आपल्याच संस्थेचे चिंतामणराव वाणिज्य महाविद्यालय सांगलीस निघाले आणि त्याच वर्षी कऱ्हाडास शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय. म्हणजे एकट्या विश्रामबागेच्या परिसरात, सायकलीच्या दहा मिनिटांच्या अंतरात, रसायनाचा, अर्थशास्त्राचा, स्थापत्याचा, हिशेबशास्त्राचा आणि मराठीचा अध्यापक हजर, प्रत्येकास गणिताविषयी काही ना काही फिर्याद, आणि ती ऐकून घेण्याची जागा मात्र कोठेच नाही, अशी स्थिती कैक वर्षे होती.

या फिर्यादी कशा असतात ते सांगितल्यावाचून पुढील हकीकत कळणार नाही. एका महाविद्यालयात (नाव सांगण्याचे प्रयोजन नाही) रसायनाचे एक वडील अध्यापक मला म्हणाले, “सर, तुमची मुलं लॉगॅरिदमचे सगळे नियम पाठ म्हणतात, आणि क्षारपड जमिनीचा पीएच सातावरून नवावर गेला म्हटलं की ‘दोनानं वाढला’ म्हणतात.” कृष्णाकाठच्या उसाच्या पट्ट्यात पाणी अति झाल्याने जमिनी क्षारपड होत आहेत हे येथील शेतकऱ्याच्या मुलास सांगावे लागत नाही, पण पीएचमधील एक अंक म्हणजे दहापट आणि दोन अंक म्हणजे शंभरपट, ही गोष्ट त्यास आम्ही सांगितलेली नव्हती. आम्ही त्यास लॉगॅरिदम हे गुणाकाराची बेरीज करण्याचे यंत्र म्हणून शिकविले, आणि गणनयंत्र आल्यावर ते यंत्र निरुपयोगी ठरले. मोजमापाची पट्टी म्हणून शिकविलेच नाही.

अर्थशास्त्राची तक्रार निराळी, आणि तीत दोष आमचा नव्हे तर मार्शलसाहेबांचा म्हणावा. गणितात स्वतंत्र चल आडव्या अक्षावर घेण्याचा शिरस्ता. अर्थशास्त्रात किंमत उभ्या अक्षावर आणि मागणी आडव्या अक्षावर. सकाळी नऊच्या तासाला उतार म्हणजे उभ्या बदलास आडव्या बदलाने भागणे असे शिकलेला मुलगा दहाच्या तासाला मागणीची लवचीकता काढताना तोच भागाकार उलटा झालेला पाहतो आणि गणित हा लहरी विषय आहे असे ठरवितो. दोघे अध्यापक एकाच दालनात दुपारचा डबा खात असत. वीस वर्षे त्यांनी भाजीची चौकशी केली, अक्षांची केली नाही.

स्थापत्याच्या अध्यापकाचे म्हणणे सर्वांत नेमके होते. तुळईवरील बेंडिंग मोमेंटचा उतार म्हणजेच शिअर फोर्स, हे त्यांचे विद्यार्थी सूत्र म्हणून पाठ करीत. अवकलन हे तेच आहे हे त्यांना कोणी सांगितले नव्हते, कारण अवकलन गणिताच्या वहीत होते आणि तुळई मेकॅनिक्सच्या. दोन वह्या एका पिशवीत असत, एवढाच त्यांचा संबंध.

सुधारणा कशी झाली, तर मोठ्या योजनेने नव्हे. प्रथम दोघांतिघांनी एकमेकांच्या तासाला मागच्या बाकावर बसावयाचे ठरविले. विद्यार्थ्यांना ते विलक्षण वाटले, आणि अध्यापकांना त्याहून अवघड. स्वतःच्या विषयातील पंडितास दुसऱ्याच्या विषयात अडाणी ठरण्याची सवय नसते. अर्थशास्त्राच्या तासाला बसलो असता मी स्वतः पहिल्या आठवड्यात दोनदा हात वर केला आणि दोन्ही वेळा माझा प्रश्न चुकीचा निघाला. तथापि प्रश्न कोठे चुकला ते मला कळले, आणि माझ्या वर्गातील मुलाचे तसेच चुकत असले पाहिजे हेही कळले. पुढे आम्ही प्रत्येक विषयवाल्याकडून एक यादी मागितली : तुमच्या विद्यार्थ्यास कोणते गणित, कोणत्या महिन्यात आणि कोणत्या भाषेत लागते? याद्या आल्या तेव्हा दिसून आले की रसायनास लॉगॅरिदम जुलैत हवे आणि आम्ही ते डिसेंबरात शिकवितो. क्रम बदलण्यास कोणाची मंजुरी लागत नव्हती. इतक्या वर्षांत कोणी विचारले नव्हते, एवढेच.

हरिपूरची गोष्ट मात्र सविस्तर सांगण्यासारखी आहे. सांगलीपासून जवळच, कृष्णा-वारणेच्या संगमावर, हरिपूर गाव आहे. तेथील जमिनीत हळद साठविण्याची पेवे फार प्रसिद्ध. तोंड अरुंद, माणूस कसाबसा उतरेल इतके, आणि खाली पोट रुंद होत गेलेले, अशी ही जमिनीतील कोठारे. वाणिज्याच्या एका सहाध्यापकाने प्रश्न काढला की साठ्याच्या मूल्यमापनात मुले पेवातील हळद मुनीमाच्या वहीतून उतरवून घेतात, पण पेव किती मोठे ते त्यांना मोजता येते का? आम्ही मुलांना घेऊन गेलो. पेव रिकामे होते. तरीही उघडल्या उघडल्या आत कोणास उतरू दिले नाही, कारण बंद पेवात हवा कोंडलेली असते आणि ती जीवघेणी ठरते, हे गावकऱ्याने आम्हांस बजावले (रसायनाच्या अध्यापकाने तेथेच त्याचे कारण सांगितले). नंतर दोघे मुलगे शिडीने उतरले, दर दोन फुटांच्या खोलीस काठी आडवी धरून त्यांनी व्यास घेतला, वर दोरीस गाठी मारल्या गेल्या, आणि जिना-वाड्याचे घनफळ काढणाऱ्या त्या वर्गाने प्रथमच वर्तुळाकार चकत्या एकावर एक रचून संकलन केले. चकत्यांचे हे संकलन फळ्यावर मी शेकडो वेळा केले होते, गाठी मारलेल्या दोरीवर ते झाले तेव्हा एका मुलीने विचारले, “सर, दोन फुटांच्या ऐवजी एक फुटाला गाठ मारली तर उत्तर बदलेल का?” सीमेची कल्पना समजावून सांगण्याचे माझे सगळे टिपण त्या प्रश्नापुढे फुकट होते.

गंमत पुढेच आहे. आमचे उत्तर आणि मुनीमाची वही यांचा मेळ बसेना. वहीत हळद कमी, आमच्या हिशेबात जागा जास्त. मुलांनी गुणाकार तपासले, पाय ची किंमत तपासली. अखेरीस गावकरीच हसून म्हणाला, “अवो, आतनं पाला-गवताचं अस्तर घालतुया की आमी. ते धरलं का?” ते धरले नव्हते. अस्तर अर्धा फूट जाड आणि पेवाची त्रिज्या सहा फूट धरली तर साडेपाच आणि सहा यांच्या वर्गांचे गुणोत्तर सुमारे ०.८४ येते, म्हणजे अर्ध्या फुटाच्या पाल्याने सोळा टक्के जागा खाल्ली. त्रिज्येतील लहान चूक क्षेत्रफळात दुप्पट होऊन उतरते, हा नियम त्या दिवसानंतर त्या वर्गास पुन्हा शिकवावा लागला नाही. २००५ आणि २०१९ च्या महापुरांनी हरिपूरच्या पेवांचे अतिशय नुकसान केले; आमच्या हातची ती दोरी कोणा विद्यार्थ्याकडे असली तर असेल.

महापुराचाच उल्लेख आला म्हणून आयर्विन पुलाचे सांगतो. १९२९ साली बांधलेल्या या पुलाजवळची फुटांची पट्टी म्हणजे सांगलीकरांच्या पावसाळ्यातील नित्यपाठ : ४० फुटांस इशारा, ४५ फुटांस धोका, आणि २०१९ च्या ऑगस्टात ५७ फूट. भूगोल, संख्याशास्त्र आणि मराठी यांचे अध्यापक मिळून त्या आकड्यांवर तास घेऊ लागले तेव्हा पहिलाच अडसर भाषेचा निघाला. ‘पाण्याची वाढ कमी झाली’ या वाक्याचा अर्थ वर्गातील कित्येकांनी ‘पाणी कमी झाले’ असा केला. वाढ कमी झाली तरी पाणी चढतच असते, फक्त सावकाश. फल वाढत असताना त्याचे अवकलज घटू शकते, हे कलनशास्त्रातील वाक्य आणि घर सोडावे की न सोडावे हा नदीकाठच्या माणसाचा प्रश्न, हे एकच आहेत. दुसरा अडसर ‘शंभर वर्षांतून एकदा येणारा पूर’ या शब्दप्रयोगाचा. तो एकदा आला की शंभर वर्षे निश्चिंती, असे समजणारे सुशिक्षित पुष्कळ. वस्तुतः त्याचा अर्थ दरवर्षी शंभरात एक एवढी शक्यता. आणि तीस वर्षांच्या गृहकर्जाच्या मुदतीत तो निदान एकदा येण्याची शक्यता शेकडा २६ निघते. हे गणित त्या वर्गाने स्वतः केले. काही मुले घरी जाऊन वडिलांशी वाद घालून आली, असे ऐकले.

साताऱ्याच्या बाजूस कासच्या पठारावर वनस्पतिशास्त्राच्या सहली जातात. २०१२ पासून ते जागतिक वारशाच्या यादीत आहे. तेथे चौकट टाकून आतील फुले मोजणे आणि त्यावरून पठाराचा अंदाज बांधणे, हे नमुनानिवडीचे गणित आहे, हे सांगण्यास संख्याशास्त्राचा अध्यापक त्या बसमध्ये असावा, इतकीच मागणी होती. तो दोन-तीन वर्षे गेला. पुढे बसमधील जागेवरून काही अडचण निघाली आणि ते राहिले.

अलीकडे स्वायत्ततेचे आणि नव्या शैक्षणिक धोरणाचे वारे आहेत; साताऱ्यात रयतेच्या तीन महाविद्यालयांचे मिळून कर्मवीर भाऊराव पाटील विद्यापीठ झाले आहे, आणि आंतरविद्याशाखीय हा शब्द प्रत्येक परिपत्रकात आढळतो. शब्द लांब आहे. त्याचा अर्थ मागच्या बाकावर बसणे असा करावा, एवढी माझी सूचना आहे. परिपत्रकाने समित्या होतात. मागचा बाक मात्र ज्याचा त्याने शोधावा लागतो.

संयुक्त तास प्रथम वेळापत्रकात घातला त्या वर्षीची एक बाब नोंदवून ठेवतो, कारण ती कोणत्याही अहवालात सापडावयाची नाही. गणित आणि अर्थशास्त्र असे दोघे अध्यापक एका वर्गात उभे, असा तो आठवड्याचा एक तास. कार्यभाराचा तक्ता भरताना कार्यालयातील वृद्ध हेडक्लार्क अडून बसले. “एक तास, माणसं दोन. कुणाच्या नावावर टाकू?” पूर्ण तास दोघांच्या नावे टाकला तर लेखापरीक्षणात हरकत येते, एकाच्या नावे टाकला तर दुसऱ्याचा तक्ता अपुरा पडतो. प्राचार्यांकडे कागद गेला, तेथून परत आला, शेऱ्यासह. शेरा असा होता की नियमाप्रमाणे कार्यवाही करावी; नियम कोणता ते लिहिलेले नव्हते. दोन दिवस तो कागद टेबलावर पेपरवेटखाली पडून राहिला. तिसऱ्या दिवशी हेडक्लार्कांनी चष्मा वर सरकविला, दोघांच्या नावांपुढे अर्धा अर्धा लिहिला, आणि माझ्याकडे कागद सहीस सरकवीत म्हणाले, “लहानपणी आजीनं निमकी पाठ करून घेतली होती, सर. आज नोकरीत पहिल्यांदा उपयोगी पडली.”